रथसप्तमीच्या आत

१४ जानेवारी १९५७, सोमवार. इंदापूर.

दुपारी चार वाजून चाळीस मिनिटे. माजघरातल्या घड्याळाकडे मुद्दाम पाहिले, कारण उद्या हीच मंडळी म्हणतील की असे काही झालेच नाही.

आज संक्रांत. प्रतापचे पहिले बोरन्हाण. माझ्या शालिनीचा मुलगा, दहा महिन्यांचा. हलव्याचे दागिने मी बारामतीहून मांडीवर धरून आणले. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. एस.टी.ने हाडे खिळखिळी केली, पण साखरेचा एक दाणा पडू दिला नाही.

पाट मांडला. माजघर बायकांनी भरलेले. शा.ने त्याला काळे झबले आणि दागिने घालून पाटावर बसवले, म्हणजे बसवून पाहिले. तो बसत नाही. पाठ फळीसारखी ताठ करतो आणि घसरतो. विहीणबाईंनी बोरे, उसाचे करवे, हलवा यांनी भरलेले माप त्याच्या डोक्यावर एकदम उपडे केले. खडखडाट झाला. तो दचकला, मागे धनुष्यासारखा वाकला आणि डोके पाटाच्या कडेवर आपटले.

विहीणबाई: "उचला त्याला. बाहेरचं हाय कायतरी." आणि लगेच, "पाट रिकामा ठेवू न्हाय. धाकट्या सुनंची सुमी बसवा."

प्रतापच्या अंगावरचा मुकुट, हार, सगळे काढले आणि सुमीला घातले. मी आणलेले. दुसरे माप ओतले, गाणे म्हटले, पोरे बोरे वेचायला धावली. शा. मुलाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिच्याकडे एकीने पाहिले नाही.

मी हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झाले, जन्मभर बोलण्याचेच काम केले, आणि आज नेमकी वाचा गेली. म्हणून लिहून ठेवते. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, राग आला की कागदावर उतरवा आणि फाडून टाका. पहिले मी करत असे. दुसरे कधी केले नाही.

सुमीचा दोष नाही. मुकुट तिला कानांवर येत होता.

१५ जाने. इंदापूर.

सकाळी व्याही तात्या ओट्यावर. माझ्याकडे न बघता: "बाई, ह्ये बाळंतपण तुमच्या घरी झालं."

झाले. पहिले बाळंतपण माहेरी, ही तुमचीच रीत. पण बोलण्याचा रोख मला कळला.

गंमत अशी की आजवर याच तात्यांना या मुलाचा गर्व होता. गावात त्यांची तालीम आहे. बारशाला तालमीतली तांबडी माती पुडीत बांधून आणली आणि पोराच्या कपाळाला लावली. तीन महिन्यांचा असताना काखेत धरून उभा करायचे. तो पाय ताठ करून चवड्यांवर उभा राहायचा, टाच टेकायची नाही. "बघा, टाच टेकत न्हाय. आन् मूठ बघा, सोडवून दावा कुणीबी." चार माणसे बोलावून दाखवायचे. प्रताप हे नाव आम्हीच वापरत होतो. त्या घरात तो पैलवान.

मलाही तेव्हा कौतुकच वाटले होते. आता तीच मूठ आठवते. आजही ती सुटलेली नाही.

विहीणबाईंनी भगताला निरोप धाडला आहे. मी शा.ला म्हटले, सामान भर. जावई मधुकर दारात उभा होता. शेतकी कॉलेज शिकलेला मुलगा, पण बापासमोर तोंडाला कुलूप. पिशवी मात्र उचलून स्टँडवर आला.

१८ जाने. बारामती.

घरी. शा. जेवत नाही. विचारते, "आई, ग्रहणात मी काही चिरलं का गं? आठवत नाही." मी म्हटले, ग्रहणात तू माझ्यासमोर बसून विणकाम करत होतीस. "सुई चालते का?" म्हणाली.

तिला बी.ए.पर्यंत मी शिकवले.

माझाही प्रश्न आहे, तो मी कोणाला विचारलेला नाही. सुईण नको, दवाखान्यातली नर्सच हवी, हा हट्ट माझा. मूल निळे जन्मले. बराच वेळ रडले नाही. नर्सने काय काय केले ते मी दारातून पाहिले. तिच्या जागी सुईण असती तर

सोमवारी पुणे. मुलांचे डॉक्टर आहेत, विलायतेहून शिकून आलेले.

२१ जाने. पुणे.

घाईत, धर्मशाळेत बसून.

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या मुलांच्या वयाचा. "आजी, आधी बसा." मला आजी म्हणालेला हा पहिला परका मनुष्य. बसले.

त्याने मुलाला नुसते पाहिले नाही, त्याच्याशी खेळला. पाय फाकवून पाहिले, मूठ पाहिली, टाळी वाजवून दचकतो का पाहिले. मग आपले घड्याळ दाखवले आणि रुमालाखाली लपवले. प्रताप रुमालाकडे बघत राहिला. डॉ.ने रुमाल दुसरीकडे नेला. प्रतापचे डोळे रुमालामागे. मी खुर्चीच्या कडेला सरकले होते, जणू माझीच परीक्षा.

सेरेब्रल पाल्सी. मेंदूचा जो भाग हातापायांना हुकूम सोडतो त्याला जन्माच्या वेळी इजा झाली. नाळ गळ्याभोवती, प्राणवायू कमी पडला. बरे होणार नाही. पण वाढणारही नाही. जे बिघडायचे ते एकदाच बिघडले. शिकेल. उशिरा, कष्टाने, आपल्या पद्धतीने.

शा.: "मी काही चुकले का?"
डॉ.: "नाही."
"ग्रहण?"
"बाई, ग्रहण आकाशात असतं."

मग मी विचारले. नर्स, सुईण, सगळे. म्हणाला, "ती नर्स नसती तर आज तुम्ही माझ्याकडे आला नसता. मूल रडलंच नसतं."

मी चष्मा पुसला. बराच वेळ.

बुद्धीबद्दल विचारले. म्हणाला, "आत्ताच कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. पण घड्याळ कुठं गेलं ते याला ठाऊक होतं."

आणखी: आडवे निजवून भरवू नका, बसवून भरवा. पाय एकमेकांवर चढू देऊ नका. दुपट्यात करकचून गुंडाळू नका. "आपल्या बायका मूल कडेवर घेतात ना, दोन्ही पाय फाकवून? तेच. दिवसभर. याच्यासाठी त्याहून चांगलं यंत्र माझ्याकडे नाही."

आणि मी त्याच्यासाठी पुण्याहूनच बाबागाडी नेली होती, साहेबाच्या पोरासारखी.

२२ जाने. परतीत, दौंड.

बारामतीच्या लहान गाडीला उशीर. शा.ने बाकावर बसून दोन प्लेट भजी खाल्ली. संक्रांतीपासून पहिल्यांदा पोटभर. मग रडली, मग तिसरी प्लेट.

"आई, त्याला नाव आहे," म्हणाली. "जगात आणखी मुलं असतील अशी, म्हणून तर नाव आहे."

मला वाटले होते, रोगाचे निदान ऐकून आम्ही कोसळू. उलट पाठीवरचे पोते कोणी उतरवून घेतल्यासारखे झाले आहे. खाली काय ठेवले ते नंतर बघू.

शेजारच्या बाईने विचारले, पोरगं असं ताठ का? शा.ने सांगितले, सरळ, डॉ.च्या शब्दांत. बाई म्हणाली, "असं व्हय," आणि त्याच्या हातात बिस्किट द्यायला गेली. मूठ उघडेना. तिने ते मनगट आणि अंग यांच्यामध्ये खोचून दिले आणि आपल्या पानाच्या डब्याकडे वळली.

२३ जाने. बारामती.

बाबागाडी माळ्यावर.

एक वाटी पेज भरवायला सकाळ जाते. जीभ चमचा बाहेर ढकलते. मला वाटायचे लाडावलेला आहे, आवडत नाही. तसे नाही. त्याला हवे असते, जीभच ऐकत नाही. चमचा जिभेवर किंचित दाबून धरायचा आणि थांबायचे. थांबणे हा माझा गुण नव्हे. शिकते आहे.

मूठ: ओढून उघडायची नाही. मनगट थोडे आत वाकवायचे, हाताच्या पाठीवरून बोटे फिरवायची. आपोआप सुटते. क्षणभर.

मी कोणावर तरी डाफरले की तो हसतो. दूधवाल्याला पाण्यावरून बोलत होते तर हा खदखदला. पुन्हा बोलून पाहिले, दूधवाल्याचा दोष नसताना. पुन्हा हसला. दूधवाला म्हणाला, "बाई, आता तर चांगलं होतं की दूध."

२५ जाने.

बसवायचे कशात, हा प्रश्न. उशा लावल्या की सरकतात. कन्हेरीची सोनाबाई माळीण भाजी घेऊन आली. तिची पाटी खोल, कडा उंच. म्हटले, पाटी दे.

"बाई, पाटीत भाजी घालत्यात, नातू न्हाय."
"दे म्हटले ना."
"आन् उद्या मेथी काय वटीत आणू?"

दिली अखेर. घासाघीस इतकी की मेथीची जुडी मला जास्तीची घ्यावी लागली. आत गोधडी घातली, दोन पायांच्या मध्ये पायमोजात गहू भरून त्याची गुंडाळी. प्रतापला आत ठेवले.

बसला.

पाठ टेकलेली, पाय फाकलेले, मान जराशी डुगडुगत, पण बसला. सोनाबाईकडे बघितले, माझ्याकडे बघितले, कोपऱ्यातल्या मांजराकडे बघितले. आजवर याने जग एक तर आढ्याच्या बाजूने पाहिले, नाही तर कोणाच्या खांद्यावरून. सोनाबाई म्हणाली, "आता इकायला न्या." शा. हसली. मी तिला रागावणार होते, पण मग मीही

२७ जाने. रविवार.

मधुकर आला. खाली मान घालून निरोप म्हणून दाखवला: आई म्हणते शालिनीने रथसप्तमीच्या आधी घरी यावे. मुलाला तूर्त बारामतीलाच ठेवावे. तिकडे त्याला कोण बघणार. शिवाय लोक.

"आई म्हणते. आणि तुमचे काय म्हणणे?" मी विचारले.
"माझं काय..."
"हे वाक्य पूर्ण करा. मी शाळेत मुलींचीही अर्धी वाक्ये चालवून घेतली नाहीत."

पूर्ण केले नाही. पण शा.ने त्याला पेजेची वाटी दिली आणि समोर पाटी ठेवली. तिने सांगितले तसे त्याने भरवले. दुपार गेली. सदऱ्यावर पेज, मिशीला पेज. मध्येच म्हणाला, "अगं, हा गिळतोय." जणू रोपाला पहिला कोंब आला.

संध्याकाळी मुलाला कडेवर घेऊन कालव्यावर गेला. पुरुष माणूस, कडेवर, बायकांसारखा एक पाय पुढे एक मागे. रस्त्यात लोक पाहत होते. सांगितले होते मी, खांद्यावर टाका कोणी बघत असेल तर. म्हणाला, "खांद्यावर पाय जुळतात त्याचे."

शा.ने त्याला जाताना सांगितले, मी ऐकले, ऐकायचेच होते: "मी आले तर दोघं येऊ. नाही तर तुम्ही इकडं यायला मोकळे आहात."

माझी मुलगी.

२९ जाने.

दारात तात्या. बैल बघायला आलो होतो म्हणाले. बैल कुठे दिसला नाही. पायतण काढले, पण आत येईनात, ओट्यावरच टेकले. मी पाणी दिले.

"पोरगं कुठं हाय?"

शा.ने पाटीसकट आणून समोर ठेवले. तात्यांनी त्याच्या कपाळाकडे बघितले.

"म्या तालमीची माती लावली हुती ह्याला."
"माहीत आहे. मीच पुसली. डोळ्यांत जात होती."
"लोकास्नी काय सांगू आता? गावभर पैलवान पैलवान करून बसलो."
"सांगा, डॉक्टरने वेगळे नाव सांगितले."
"चालंल का?"
"कदाचित. उशिरा. कदाचित काठी घेऊन."
"वळखतंय का कुणाला?"

हे विचारायला ते पुढे वाकले तेव्हा पटक्याचा शेमला खाली आला आणि प्रतापच्या हातात सापडला. बस. ती मूठ. तात्या सोडवायला गेले, सुटेना. जोराने ओढवेना, पोराला लागेल. माझ्या ओट्यावर तालमीचे वस्ताद वाकून बसले, शेमला नातवाच्या मुठीत आणि नातू त्यांच्या मिशांकडे बघून हसतो आहे.

"सोडीना की ह्यो."
"सुटते," शा. म्हणाली, "अशी." तिने त्यांचा हात धरून, मनगट कसे वाकवायचे, पाठीवर बोटे कशी फिरवायची ते दाखवले. सुनेने सासऱ्याचा हात धरला, कोणाच्याच लक्षात आले नाही. मूठ सुटली. तात्यांनी शेमला मागे टाकला. मग परत पुढे घेतला आणि त्याच्या हाताशी नेला. पुन्हा धरला. पुन्हा सोडवला. चहा निवला.

मी बोरन्हाणाचा विषय काढला. तारीख, वार, वेळ, सगळे सांगितले. चार वाजून चाळीस. ते तेव्हा रानात होते म्हणाले. मुकुटाचे त्यांना ठाऊक नव्हते. खरे असावे, कारण कानापर्यंत लाल झाले.

म्हटले, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येते. तुमच्याच घरी करा. त्याच पाटावर.

उठले. "घरात इचारून सांगतो."

गावची कुस्ती एका शब्दात निकाली काढणारा मनुष्य, घरात विचारून सांगतो. पण जाताना पाटीपाशी थांबले आणि शा.ला म्हणाले, "ह्याच्या जांघंला तेल कोणतं लावती?"

३१ जाने.

दोन निरोप आले. एकाच दिवशी, एकाच घरातून.

सकाळी कंडक्टरकडून: वैनींनी, म्हणजे शा.ने, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला यावे, बाळालाही आणावे.
दुपारी बाजारच्या बाईकडून: बाळाला आणले तर चालेल, पण आतल्या खोलीत असू द्यावे, बायका येतात.

इंदापूर ते बारामती या रस्त्यात शब्द कुठे तरी उतरतात किंवा चढतात. किंवा तात्यांनी एक सांगितले आणि विहीणबाईंनी दुसरे. तोंडी निरोपाचे हेच सुख. उद्या प्रत्येकजण म्हणू शकतो, मी तसे म्हटलेच नव्हते.

शा. शांत आहे. मला आश्चर्य वाटते. "आई, मला आता भीती त्यांची नाही वाटत. त्याचं काय झालंय हेच कळत नव्हतं ना, भीती ती होती." तरी मघाशी त्याचे काळे झबले धुऊन वाळत घातले तिने. जायचे नसेल तर कशाला धुतले? तिला जायचे आहे. तिचे घर आहे ते, नवरा आहे. दोघांनी जायचे आहे, एवढेच.

झोप चांगली लागते आहे. संक्रांतीच्या आठवड्यात डोळा लागत नव्हता. राग तेवढाच आहे, पण तो आता पोटात जळत नाही, हाताशी धरायला काठी मिळाल्यासारखा आहे.

१ फेब्रुवारी. शुक्रवार.

पत्र लिहिले. चार वेळा खरडले. शा. म्हणाली, "लिही तू, पण सही माझी." मग तिने पेन घेऊन "अडाणी" हा शब्द खोडला, "निर्दय" खोडला, "आमच्या घराण्याचा अपमान" हे तर सबंध वाक्य खोडले. मी विचारले, मग उरले काय? म्हणाली, "मागणं." वयाने माझी मुलगी, वागण्यात माझी मुख्याध्यापिका.

पुरे झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवले. प्रताप पाटीत होता. माझा आवाज चढला तसा हसू लागला. "लेखी" या शब्दाला तर अंग घुसळून. पुन्हा वाचले, पुन्हा. घड्याळ कुठे गेले ते ज्याला कळते, त्याला आजीचा राग कुठे येतो तेही कळते. शा.ने तो शब्द एकदाच ठेवला होता. मी आणखी एके ठिकाणी घातला.

मधुकर उद्या येतो आहे, तरी पत्र त्याच्या हाती देणार नाही. रजिस्टर टपाल. पावती या पानाला टाचली आहे. शेवटचा मजकूर उतरून ठेवते, न जाणो.

"…तरी आपणांस विनंती की प्रतापचे बोरन्हाण आपल्याच घरी, त्याच पाटावर, १४ तारखेला आलेल्या त्याच बायकांना बोलावून व्हावे. तो पाटीत बसेल. पाटी पाटावर राहील. माप एकदम उपडे करू नये, बोरे ओंजळीने हळू सोडावीत, तो दचकतो. मुकुट दुसरा करून आणू, सुमीचा सुमीला असू द्यावा. मी येईन ती त्याला कडेवर घेऊन, पुढच्या दाराने, आणि तो माजघरात सगळ्यांत बसेल. हे मान्य असेल तर तसे लेखी कळवावे. मान्य नसेल तर तेही लेखी कळवावे. तोंडी निरोप, कोणाही मार्फत, उत्तर धरला जाणार नाही. खाली तीर्थरूप तात्यांची आणि सासूबाईंची, दोघांचीही सही असावी. रथसप्तमी बुधवारी आहे. आपले उत्तर मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी, संध्याकाळच्या टपालाने बारामतीत माझ्या हाती पडावे.

आपली सून, प्रतापची आई,
शालिनी"